खिशातली धार

हिगोनोकामी हा जपानचा घडीचा चाकू. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात १८९० च्या दशकात तो आकाराला आला आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जपानी सुतारांच्या, शेतकऱ्यांच्या आणि त्याहून अधिक शाळकरी मुलांच्या खिशात राहिला. त्याचे भाग अवघे चार: पाते, मूठ, त्यांना जोडणारी रिव्हेट आणि तिच्याखालचा वायसर. स्प्रिंग नाही, खटका नाही, पाते अडकवून ठेवणारी कळ नाही. पात्याच्या बुडाला मुठीबाहेर डोकावणारी एक चपटी शेपटी असते. तिला चिकिरी म्हणतात. अंगठ्याने ती दाबली की पाते बाहेर येते. काम चालू असेपर्यंत अंगठा तिच्यावरच ठेवायचा. तो उचलला तर पाते मिटू शकते. मूठ म्हणजे पितळेचा किंवा काळ्या रंगाचा लोखंडी पत्रा, मधोमध दुमडलेला. सांधा सैल झाला तर रिव्हेटवर हातोडीचा हलका ठोका पुरतो.

हा साधेपणा काटकसरीतून आला हे खरे, पण त्यात एक गृहीतही दडलेले आहे. चाकू घडवणाऱ्याने मालकाच्या हातावर भरवसा ठेवला आहे. पाते उघडे राखणे हे मालकाच्या अंगठ्याचे काम आणि धार राखणे हे त्याच्या दगडाचे. कारखान्यातून बाहेर पडतो तो अर्धा चाकू. उरलेला अर्धा घरी, पाण्याने भिजवलेल्या दगडावर घडतो. जुन्या काळच्या जवळजवळ सगळ्याच घडीच्या चाकूंना हे लागू पडते, आणि म्हणूनच चाकू बाळगणे आणि चाकूला धार लावणे या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगता येत नाहीत.

मिकी हे मुळात लोहारांचे गाव. १५७८ ते १५८० या काळात तोयोतोमी हिदेयोशीने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला. त्यात गाव उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभारण्यासाठी सुतार आले आणि त्यांच्या करवती, रंधे, पटाश्या घडवायला लोहार आले. तेव्हापासून आजतागायत मिकीची ओळख सुतारी अवजारांची आहे. १८७६ मध्ये मेजी सरकारने कमरेला तलवार लावण्यावर बंदी घातली आणि धारेची जपानी विद्या हळूहळू अवजारांकडे, घरगुती चाकूंकडे वळली. मिकीत तयार झालेला हा छोटा चाकू सुरुवातीला बराचसा क्यूशू बेटावर खपत असे. तिथल्या हिगो प्रांताच्या, म्हणजे आजच्या कुमामोतोच्या, अधिपतीची जुनी पदवी त्याला नाव म्हणून चिकटली. एकेकाळी मिकीत कितीतरी लोहार हा चाकू बनवत. आता नोंदणीकृत नावाने तो बनवणारा नागाओ कानेकोमा हा एकच कारखाना उरला आहे.

पात्याची जुनी पद्धत दोन धातूंची आहे. कठीण पोलादाची पट्टी मऊ लोखंडात बसवून ती भट्टीत सांधतात. धारेच्या ओळीवर पोलाद उघडे पडते आणि दोन्ही अंगांनी लोखंड त्याला सांभाळते. निव्वळ कठीण पोलादाचे पाते ठिसूळ होते, निव्वळ लोखंडाचे धार धरत नाही. दोन्ही एकत्र आले की धार टिकते आणि पाते मोडत नाही. याचा दुसरा फायदा दगडावर कळतो. मऊ लोखंड चटकन झिजते, म्हणून धार लावताना घासावे लागणारे कठीण पोलाद अगदी थोडे असते. या चाकूंना वापरले जाणारे ‘निळ्या कागदाचे’ पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगी गावचे. कारखान्यात ज्या रंगाच्या कागदात ते गुंडाळले जाई त्यावरून हे नाव पडले. पांढऱ्या कागदाचे ते जवळजवळ शुद्ध कार्बन पोलाद. निळ्यात थोडे टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेले असते, त्यामुळे धार जरा जास्त दिवस टिकते. गंज मात्र दोन्हींना लागतो.

युरोपात याच वृत्तीचा चाकू फ्रान्सच्या साव्हुआ भागात जन्मला. आल्प्सच्या त्या डोंगराळ मुलखात अवजारे घडवणाऱ्याचा मुलगा जोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बीच लाकडाची मूठ आणि कार्बन पोलादाचे पाते यांचा चाकू केला. १८९७ पर्यंत त्याचे क्रमांक १ ते १२ असे बारा आकार झाले. पुढे १ आणि ११ हे बंद पडले; साडेआठ सेंटिमीटर पात्याचा क्रमांक ८ सगळ्यांत जास्त चालला. ओपिनेललाही आरंभी कुलूप नव्हते. फिरवून पाते अडकवायची पोलादी कडी आली ती १९५५ मध्ये. मेंढपाळ, द्राक्षमळ्यातले मजूर, गवंडी तो खिशात ठेवत आणि त्यानेच पाव, चीज, वेल, दोरी असे सगळे कापत. पावसात बीचची मूठ फुगते आणि पाते आत अडकून बसते, तेव्हा मुठीचे बूड टेबलावर आपटायचे, की पाते दोन बोटांत धरण्याइतके वर येते. साव्हुआत ही युक्ती लहानपणीच शिकतात.

अशा चाकूची जागा खिशातच का, याचे उत्तर त्याच्या कामांत आहे. ही कामे ठरवून, वेळ काढून करायची नसतात. फांदी वाकडी वाढली आहे, पोत्याची शिवण उसवायची आहे, फळ चिरायचे आहे, पेन्सिलीचे टोक मोडले आहे. चाकू घरी राहिला तर त्या क्षणी तो नसतो. महाराष्ट्रातही बोरूने लिहिण्याच्या काळात लिहिणाऱ्याच्या सामानात दौतीबरोबर चाकू असेच, कारण बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते आणि तिरका छेद पुन्हा द्यावा लागतो. तो छेद बोथट पात्याने दिला तर वेळूचे तंतू फुटतात आणि अक्षर फाटके उमटते. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी हेच काम छोट्या घडीच्या चाकूने होत होते. जपानी मुलांच्या हातात हिगोनोकामी आला तोही पेन्सिलीसाठी. चाकू आणि लिहिणे यांचे नाते इतके जुने आणि इतक्या देशांत पसरलेले आहे, की खिशातल्या पात्याकडे आधी हत्यार म्हणून पाहणारी नजर फार अलीकडची म्हणायला हवी.

जपानमध्ये ती नजर एका विशिष्ट दिवसानंतर रुजली. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा यांचा सतरा वर्षांच्या एका तरुणाने भर सभेत खून केला. हत्यार आखूड तलवार होते. घडीच्या चाकूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण खुनी अल्पवयीन होता आणि देश हादरला होता. मुलांच्या हाती पाते नको अशी चळवळ देशभर उभी राहिली. शाळांच्या दप्तरांतून हिगोनोकामी गेला, वर्गात पेन्सिलीला टोक करणारी यंत्रे आली आणि मिकीतल्या एकेका लोहाराने हे काम सोडले.

भीती समजण्यासारखी होती. तरी त्या निर्णयाने काय हिरावले गेले हेही नीट सांगायला हवे. मुलांकडून फक्त चाकू गेला असे झाले नाही; चाकूबरोबर दगडही गेला. पेन्सिल तासताना पाते स्वतःपासून दूर ढकलायचे, डाव्या अंगठ्याने त्याच्या पाठीला जोर द्यायचा, लाकडाच्या रेषांचा कल ओळखायचा, धार गेली की ती परत आणायची, हे सगळे एकत्र शिकले जाई. बोट कापे, आणि पात्याशी कसे वागायचे ते त्यातून कळे. नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या आइसोमे प्राथमिक शाळेने ही गोष्ट ओळखली. १९८० च्या दशकापासून तिथे पहिलीत आलेल्या मुलांना हिगोनोकामी दिला जातो; त्याने पेन्सिली करणे आणि त्याला धार लावणे मुले शाळेतच शिकतात. ही शाळा चाकू देताना दगड वगळत नाही, यातच तिचे शहाणपण आहे.

कायद्याने बाळगण्याच्या मर्यादा देशोदेशी वेगवेगळ्या आखल्या आहेत. जपानात ६ सेंटिमीटरहून लांब पाते सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूला काही अटींवर ८ सेंटिमीटरपर्यंत सूट आहे. ब्रिटनमध्ये घडीचा, कुलूप नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू कारण न सांगता खिशात ठेवता येतो. पाते अडकवणारी कळ असेल तर मात्र कारण द्यावे लागते. मिटू शकणाऱ्या पात्याने भोसकणे भोसकणाऱ्याच्याच बोटांना धोक्याचे असते. जुन्या चाकूची ही मर्यादा कायद्याला त्याच्या निरुपद्रवीपणाची खूण वाटते. भारतात शस्त्रास्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. याखेरीज स्थानिक बंदीहुकूम वेळोवेळी निघतात, आणि विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही.

आता दगड. धार लावणे म्हणजे पात्याच्या दोन बाजू घासत घासत एका रेषेत आणून भिडवणे. ती रेषा जितकी बारीक तितके पाते तीक्ष्ण. मनुष्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. चांगल्या धारेची कड एका मायक्रॉनच्याही आत येते. वापराने ती कड कुठे झिजते, कुठे एका बाजूला वळते, कुठे तिचा बारीक टवका उडतो. पाते ‘कापेनासे’ होते ते यामुळे. चिनीमातीची बशी, ओट्याचा ग्रॅनाइट, काच यांच्यावर धार टेकवून कापणे हे बोथट होण्याचे सगळ्यांत मोठे कारण आहे. खाली लाकूड असावे.

घासणारा पदार्थ पोलादाहून कठीण हवा, एवढीच दगडाची मूळ अट. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळसर दगडात गार्नेटचे कण आहेत. अमेरिकेतल्या आर्कान्सासचा दगड गारगोटीच्या अतिसूक्ष्म कणांचा. कुरुंद मोहच्या मापावर ९ व्या जागी, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. पोलाद घासायला त्याची पूड युगानुयुगे वापरात आहे, आणि आजचे बहुतेक कृत्रिम दगडही त्याच रसायनाचे असतात. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. बाजारात काळसर दिसणारे कार्बोरंडमचे दगड ते हेच. जपानात पाण्याचे दगड तीन टप्प्यांचे: खरखरीत, मध्यम आणि शेवटचा हात देण्याचा. शेवटच्या टप्प्याचे उत्तम नैसर्गिक दगड क्योतोच्या डोंगरांतून निघाले. मध्यम टप्प्याचा एक नावाजलेला दगड आमाकुसा बेटांचा आहे, आणि ती बेटे जुन्या हिगो प्रांतातलीच. चाकूच्या नावातला प्रांत त्याच्या दगडातही असा सापडतो.

कृत्रिम दगडावर आकडा छापलेला असतो. आकडा वाढत जातो तसा कण बारीक होत जातो. ४०० चा दगड टवके उडालेले पाते पुन्हा आकारात आणतो. १००० चा, ज्याचे कण दहा-पंधरा मायक्रॉनचे असतात, रोजच्या धारेचा. ३००० ते ६००० चे धार गुळगुळीत करणारे. एकच दगड घ्यायचा असेल तर १००० चा घ्यावा. बारीक दगडापासून सुरुवात करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तिने पाते चकाकते, पण धार येत नाही. कारण बोथट कडेवरचा धातू काढून टाकायला बारीक कण पुरे पडत नाहीत.

दगड पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भिजवायचा, ओल्या फडक्यावर ठेवायचा म्हणजे तो सरकत नाही. पाते त्यावर टेकवायचे तो कोन हेच या विद्येचे मर्म, आणि इथे हिगोनोकामीची रचना शिकणाऱ्याच्या मदतीला येते. त्याच्या पात्यावर पाठीकडची पट्टी सपाट असते आणि तिच्यापासून धारेपर्यंत एकच रुंद उतार असतो. तो उतार दगडावर सपाट बसला की कोन आपोआप बरोबर आला. डोळ्याने अंदाज बांधावा लागत नाही. बोटांना ते कळते: उतार नीट टेकला की पाते दगडाला चिकटल्यासारखे वाटते, जरा उचलले की डुगडुगते. ओपिनेलसारख्या पात्यात पाठ थोडी वर उचलून धरावी लागते. छोट्या, चिरण्याच्या चाकूला दर बाजूस १५ अंशांच्या आसपास कोन चांगला. पाते १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर वर येते. हा कोन नेमका साधण्यापेक्षा सगळ्या घासण्यांत तोच राखणे अधिक मोलाचे. हात डोलला की कड गोल होते.

एका बाजूने घासत राहायचे ते पलीकडच्या काठावर धातूचा अतिसूक्ष्म पदर वळून येईपर्यंत. डोळ्याला तो सहसा दिसत नाही. अंगठ्याचे बोंड पाठीकडून धारेकडे, कडेला आडवे नेले की खरखर लागते. हा पदर बुडापासून टोकापर्यंत सलग हवा. जिथे तो नाही तिथे दगड अजून कडेपर्यंत पोचलेला नाही. तो आला की बाजू पालटायची आणि तितकेच काम तिकडून करायचे. सगळ्या प्रक्रियेत हा एकच टप्पा असा आहे, की जो चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. घासताना दगडावर राखाडी चिखल जमतो. तो धुऊन टाकू नये. त्यातले सुटे कणही घासण्याचे काम करतात. वाळू लागला तर वरून पाण्याचे चार थेंब पुरतात.

मग जोर कमी करत जायचे. बारीक दगडावर पात्याच्या वजनाइतकाच दाब ठेवून बाजू पालटत घासले की तो पदर पातळ होत होत सुटतो. उरलासुरला चामड्यावर जातो. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतो तसेच, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. उलटे ओढले तर चामडे कापले जाते. पारख कागदावर करावी: वर्तमानपत्राचा कागद हातात सैल धरून पाते उतरवले तर तो न अडखळता चिरला जावा. जिथे कागद अडतो तिथेच कडेत दोष आहे, आणि तो नेमका कुठे हे त्या जागेवरून कळते.

दगडही झिजतो. रोजच्या वापराने मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ उतार कधीच सपाट बसत नाही. म्हणून दुसऱ्या खरखरीत दगडावर किंवा सपाट काचेवर पसरलेल्या पाणकागदावर तो अधूनमधून घासून सपाट करावा लागतो. चांगल्या धारेचे श्रेय सपाट दगडाला जितके जाते तितके कुशल हाताला क्वचितच जात असेल.

दगड हाताशी नसेल तर कपाच्या बुडाची न चकाकणारी कड चालते. चिनीमातीचा तो खरखरीत भाग पोलादाहून कठीण असतो आणि घराघरांत सुऱ्या त्यावर घासल्या जातात. वळलेली कड तेवढ्याने सरळ होते, झिजलेली परत येत नाही. सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणारा धार लावणारा विळ्या, कात्र्या, सुऱ्या चटकन कापत्या करून देतो, आणि जाड पात्यांना ते चाक मानवते. घडीच्या पातळ पात्याला मात्र कोरडे, वेगाने फिरणारे चाक धोक्याचे. पोलादाला पाणी दिल्यानंतर त्याचा ठिसूळपणा घालवायला ते साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आत पुन्हा तापवलेले असते. चाकावर पातळ कड क्षणात त्याहून तापते. निळा डाग उमटला तर तिथली उष्णता तीनशेच्या घरात गेली आणि तेवढ्या भागाचे पोलाद मऊ पडले, असे समजावे. मग कितीही घासले तरी तिथे धार टिकत नाही. तो भाग झिजवून खालचा कणखर धातू उघडा करावा लागतो.

खिशात राहणाऱ्या कार्बन पोलादाचे शत्रू घाम आणि आंबटपणा. कैरी, लिंबू, कांदा कापला की पाते काळवंडते. हा गडद थर वाईट नाही. तो बसला की तांबडा गंज उशिरा लागतो, आणि जुन्या वापरातली पाती त्यामुळेच एकसारखी राखाडी दिसतात. तांबडा गंज मात्र धातू खातो. कापून झाल्यावर पाते कोरडे पुसावे. पत्र्याच्या मुठीच्या दुमडीत अडकलेला खिशातला कचरा आणि ओल काडीने काढावी. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. जपानात यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात, कारण ते सुकून चिकट होत नाही. खाण्याच्या पदार्थांना न लागणाऱ्या चाकूला शिवणयंत्राचे तेल चालते. चाकू मिटवताना बोटे मुठीच्या दोन्ही अंगांना ठेवावीत, खाचेवर कधीच नाहीत. दुसऱ्याला द्यायचा तर मिटवून द्यावा. नाहीतर मूठ त्याच्याकडे करावी.

दरवेळी धार लावताना पात्याचा काही अंश दगडावर राहतो. वर्षानुवर्षे वापरलेला हिगोनोकामी नव्याशेजारी ठेवला तर रुंदीतला फरक डोळ्याला दिसतो. टोक मागे सरकलेले असते, पोट आत गेलेले असते. पाते मिटल्यावर टोक मुठीबाहेर राहू लागले, तर टोकाकडून थोडे झिजवून ते पुन्हा आत बसवतात. जुन्या पद्धतीच्या पात्यात कठीण पोलाद पाठीपर्यंत गेलेले नसते, ते ठरावीक खोलीपर्यंतच बसवलेले असते. तिथवर झीज पोचली की उरते ते मऊ लोखंड, आणि त्याला दगड धार देऊ शकत नाही. तेव्हा तो चाकू संपला. रोजच्या वापरात राहून आणि दगडावर नीट सांभाळला जाऊन तिथवर पोचलेले चाकू थोडेच. बहुतेक त्याच्या कितीतरी आधी बोथट अवस्थेत खणात पडून राहतात.